शून्य टक्के व्याजाचा मोबाईल

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि एक उपासिका दुकानाचा कागद घेऊन आमच्यापुढे येऊन बसली. "भाऊ, पोरगं ऐकूनच नाही राह्यलं. घेऊ का नको, तुम्हीच सांगा." चार घरची धुणीभांडी करून महिन्याला नऊ हजार रुपये आणणारी ही माऊली. मुलगा बारावी झाला, आता कॉलेजात जाणार. त्याला बावीस हजारांचा स्मार्टफोन पाहिजे. चार हजार रोख, बाकी अठराशेचे दहा हप्ते, व्याज म्हणे शून्य टक्के.

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. असा प्रश्न निघाला की शहाणे लोक, आणि त्यात साहेब झालेले आपले काही बांधवही आले, चटकन म्हणतात, "खायला नाही आणि मोबाईल कशाला?" हे वाक्य आमच्या फार जुन्या ओळखीचे आहे. पाटी कशाला, पायात वहाण कशाला, घरात पितळेचे भांडे कशाला, असे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारणाऱ्यांचीच ही वंशावळ!

मोबाईल आता चैन राहिलेली नाही, आणि हे आपण ठरवलेले नाही, सरकारने ठरवले आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, प्रवेशाच्या फेऱ्या ऑनलाइन, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये झाली ती ओटीपीवर. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलमध्ये शिरली, तेव्हा एक मोबाईल आणि तीन भावंडे हे दृश्य आपल्या वस्त्यांनी पाहिले आहे. तेव्हा मोबाईल घ्यावाच लागेल. प्रश्न आहे तो कितीचा, आणि कुणाच्या पैशाने.

१९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. मग दुकानदाराच्या कागदावरचा रुपया आपण का तपासू नये? आम्ही तो कागद उलटून पाहिला. मागे बारीक अक्षरात प्रोसेसिंग फी सातशे आणि विमा नऊशे. तोच मोबाईल शेजारच्या दुकानात रोखीने साडेवीस हजारांना मिळत होता. म्हणजे शून्य टक्क्याचे तीन हजार शंभर रुपये! रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, ते शुल्काच्या आड दडवलेले असते. त्यात हा अठराशेचा हप्ता माऊलीच्या मिळकतीचा पाचवा हिस्सा. एक घर सुटले, एकदा ताप आला, की हप्ता चुकला आणि दंड सुरू. (मोबाईलवरचा जीएसटी २०२० च्या एप्रिलपासून बाराचा अठरा टक्के झाला. तो बंगलेवाल्याला आणि त्याच बंगल्यात भांडी घासणारीला सारखाच.)

आणि रिचार्ज? तो कुणी धरतच नाही. या कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणून वर्षात रिचार्ज बारा नव्हे, तेरा. तीनशेच्या हिशेबाने वर्षाचे एकोणचाळीसशे, तीन वर्षांचे अकरा हजार सातशे. दहा हजारांच्या मोबाईलपेक्षा त्याचे खाणेच महाग!

पण अगदी स्वस्तातला घ्या, असेही आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले होते. तापायचे, अडकायचे, जागा पुरायची नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सेविकांनी ते सरकारला परत केले. योग्य केले. म्हणून दुकानात कॅमेरा किती मोठा हे विचारू नका, मेमरी किती आणि कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षे देणार ते विचारा.

मुलाशीही आम्ही बोललो. तो म्हणाला, "काका, कॉलेजात मोबाईल पाहून माणूस ओळखतात." हे खोटे नाही, आणि त्याची थट्टा करायची आमची हिंमत झाली नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना राहणी बदला, हीनपणाच्या खुणा टाकून द्या, असे सांगितले होते. स्वाभिमान दिसण्यातही असतो, हे त्यांना ठाऊक होते. पण मुलींना शाळेत घाला, हेही त्याच भाषणात सांगितले. या पोराची धाकटी बहीण दहावीला आहे. बावीस हजारांच्या त्या बोलण्यात तिचे नाव एकदाही निघाले नव्हते. आम्ही काढले. पोरगा गप्प झाला.

गुरुवारी ताईंनी दहा हजारांचा मोबाईल घेतला. चार हजार जवळचे, सहा हजार बचत गटातून. गटाचे व्याज आहे, शेकडा दोन महिन्याला. पण ते वहीत उघड लिहिलेले आहे आणि फिरून गटातल्या बायांकडेच येते. संध्याकाळी सात ते नऊ मोबाईल बहिणीकडे, असे ठरले. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यातला पहिला आम्ही तिला उतरवून दिला.

पोरगा अजून फुगलेलाच आहे.