घरची बोली आणि सीमेवरची मुले

मूल प्रथम शाळेला निघते तेव्हा आई त्याच्या दप्तरात पाटी घालते, डबा घालते, रुमाल घालते. एक गोष्ट मात्र कोणी न देता ते बरोबर घेऊन जाते, ती म्हणजे घरची बोली. आजीने ज्या शब्दांनी त्याला निजविले, ज्या शब्दांनी रागे भरले, ज्या शब्दांत त्याने पहिली तक्रार केली, ते सारे शब्द त्याच्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत जातात. दाराच्या आत त्यांना जागा मिळते की नाही, एवढाच काय तो प्रश्न. प्रश्न लहान दिसतो. पण पुढची दहा-पंधरा वर्षे ते मूल तोंड उघडून बोलणार की मान खाली घालून बसणार, हे बहुधा त्या दारातच ठरते.

हा विचार मनात घोळू लागला तो निपाणीच्या बाजारात. कोल्हापूरहून निपाणी ती किती लांब? चहा पिऊन निघावे आणि चहाच्या वेळी परत यावे! पण तेवढ्या अंतरात पाट्यांवरची लिपी बदलते. तेथे भाजीच्या पाटीमागे बसलेल्या एका बाईंच्या शेजारी त्यांची आठ-नऊ वर्षांची नात होती. एक गिऱ्हाईक आले, त्याच्याशी पोरगी मराठीत बोलली. दुसरे आले, त्याला तिने ‘बर्री’ म्हणून बोलावले आणि कानडीत भाव सांगितला. तिसरे दखनी बोलणारे होते; त्याने ‘नक्को’ म्हणताच तिनेही त्याच बोलीत पैसे उतरविले. तिघांनाही माल गेला, आणि आपण काही विशेष केले असे त्या पोरीच्या गावीही नव्हते! मी सहज विचारले, “बाळ, तुला किती भाषा येतात?” तिने थोडा विचार करून सांगितले, “एकच की! इंग्रजी अजून नीट येत नाही, शिकायलोय.”

या उत्तराने मी चकित झालो. तीन भाषा लीलया वापरणारी ही मुलगी त्या भाषांना भाषाच मानीत नव्हती. भाषा म्हणजे जी पुस्तकात असते, जिचा पेपर असतो, जिच्यात गुण मिळतात ती. बाजारातली व चुलीपुढची ती नुसती बोलणी! हा हिशेब तिने स्वतः मांडलेला नाही. तो आपण वडील मंडळींनी तिच्या पाटीवर लिहून दिलेला आहे.

आम्हा जुन्या घरांतल्या लोकांना शुद्धतेचा अभिमान फार. काही वर्षांपूर्वी एका लग्नघरी बेळगावकडची एक पाहुणी मुलगी “मी आलो, मी जेवलो” असे म्हणाली. मांडवातल्या पोरीबाळी खो खो हसल्या, आणि मोठ्यांनीही त्यांना आवरले नाही. लग्नाचे दोन दिवस ती मुलगी मग मानेनेच हो-नाही करीत राहिली. मौज अशी की, कोल्हापुरातल्या कितीतरी आज्या-पणज्या जन्मभर “मी आलो, मी गेलो” असेच बोलल्या आणि त्यांना कोणी हसले नाही. त्या बोलीत त्यांनी घरे चालविली, देणी-घेणी केली, मुले वाढविली. नातींना तेवढी तिची लाज वाटू लागली.

आणि शुद्ध म्हणजे तरी काय? वरणभातावर आपण जे तूप घेतो त्याला कानडीत ‘तुप्प’ म्हणतात. पानाच्या तबकातल्या अडकित्त्यात कानडी ‘अडके’ म्हणजे सुपारी बसलेली आहे. घरातले अण्णा आणि अक्का हे तर दोन्ही भाषांचे सामाईक वडीलधारे. आपण “येतो म्हणून सांगून गेला” असे म्हणतो, त्यातील ‘म्हणून’ जे काम करते तेच कानडीत ‘अंत’ करतो. या धाटणीवर द्राविड भाषांची छाया आहे असे पुष्कळ भाषाभ्यासक मानतात. लहानपणी विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मुंड, नाल असे मोजलेले आठवते ना? तेलुगूत एक ते चार मोजा : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. ज्यांनी जन्मात तेलुगू ऐकली नाही अशा मराठी पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या गल्लीत हे आकडे जपून ठेवले. मुलांच्या खेळाला सीमा आयोग ठाऊक नसतो!

आपली रंगभूमीच पाहा. सन १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगविले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी त्यांना तशी नाटके रचावयास सांगितले म्हणून. ज्या नाटकाचा मराठी माणसाला एवढा अभिमान, त्याच्या पाळण्याची दोरी अशी कानडी हातांनीही ओढली आहे. पुढे याची परतफेडही झाली. धारवाडला १८९६ साली जन्मलेले द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. पण ते कानडीचे थोर कवी झाले, आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या ‘नाकुतंती’ या कानडी संग्रहाला मिळाला. बेळगावनजीकच्या सुळेभावीस १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची घरची भाषा कानडी. त्यांनी माळव्यात देवासला घर केले आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम मराठी रसिकांना दिला. जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले, धारवाडला इंग्रजी शिकवीत राहिले आणि कथा मराठीत लिहिल्या. यांपैकी कोणाची एक भाषा दुसरीने खाल्ली असे दिसत नाही.

ए. के. रामानुजन यांचे उदाहरण तर घराघरांत सांगण्याजोगे आहे. त्यांच्या म्हैसूरच्या घरी स्वयंपाकघरात तमिळ, वडिलांच्या माडीवरच्या खोलीत इंग्रजी आणि रस्त्यावर कानडी अशी व्यवस्था होती. पुढे १९५० नंतरच्या दशकात ते बेळगावात अध्यापक होते, आणि त्या भागातल्या बायाबापड्यांच्या तोंडून त्यांनी कानडी लोककथा टिपून घेतल्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीला विद्येचे मोल आहे, हे जगाला पटवून देणाऱ्यांपैकी ते एक होते.

परंतु सगळीच मुले रामानुजन नसतात, आणि सगळ्या शाळाही त्यांच्या माडीसारख्या नसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि तो वाद पुढे २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण ज्या सातव्या घटनादुरुस्तीने ही पुनर्रचना झाली, तिनेच घटनेत ‘३५० अ’ हे कलम घातले, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. हे कलम निपाणीच्या मराठी मुलासाठी आहे, तसेच आपल्या जत-अक्कलकोटकडच्या कानडी मुलासाठीही आहे. आपण पहिल्याची आठवण काढताना दुसऱ्याला विसरलो, तर आपल्या बोलण्याचे वजन निम्म्याने कमी होते.

आता गावोगाव तिसराच गडी पुढे गेला आहे. मराठी शाळा की कानडी शाळा असे भांडण चालू असता पालक मुलाचा हात धरून इंग्रजी शाळेत निघाले. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? नोकरीची भाषा मुलाला यावी असे कोणाला वाटणार नाही? माध्यम निवडण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये मान्य केला आहे. पण इंग्रजी यावयाची म्हणून घरची बोली बंद केली पाहिजे, ही समजूत मात्र खोटी आहे. फार भाषांनी पोर गोंधळते, असे आजही पुष्कळांना वाटते. मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द घालते खरे, पण तो गोंधळ नव्हे. हाताशी जे भांडे असेल त्यात ते पाणी घेते इतकेच. युनेस्कोने १९५३ मध्येच आपल्या अहवालात सांगून ठेवले की, शिक्षणाचा आरंभ मातृभाषेत व्हावा. ज्याला एका भाषेत विचार मांडता येतो, त्याला दुसरी भाषा शिकताना फक्त शब्द नवे शिकावे लागतात, विचार करणे नव्याने शिकावे लागत नाही.

यासाठी मोठा खर्च लागतो असेही नाही. २१ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन आणि २७ फेब्रुवारी हा मराठी दिन. या मधल्या आठवड्यात सीमाभागातल्या कोणत्याही शाळेने एवढे करून पाहावे. फळ्यावर मीठ, दूध, पाणी असे दहा शब्द लिहावेत आणि ज्याच्या घरी जो शब्द असेल तो त्याने उठून सांगावा : उप्पु, हालु, नीरु, आणि कोकणी, उर्दू, गुजराती घरांतले शब्दही त्यांच्या शेजारी. एके दिवशी आज्यांना वर्गात बोलवावे व त्यांच्या बोलीत गोष्ट सांगावयास लावावे. न कळेल तेथे मुलेच एकमेकांना अर्थ सांगतील. कानडी मुलाचा शब्द मराठी मुलाने वहीत उतरून घेतला की, त्या शब्दाबरोबर तो मुलगाही थोडासा आपला होतो. गुरुजींनी फक्त हसू नये व हसू देऊ नये.

आणि आपण घरी काय करावे? अंबाबाईच्या देवळात कानडी यात्रेकरू नित्य येतात. आपली माणसे सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जातात. देवीला दोन्हीकडचे गाऱ्हाणे कळते, यावर आपली श्रद्धा आहे. तेव्हा पाहुण्यांचे पोर आपल्या वाड्यात येऊन वेगळ्या हेलात बोलू लागले, तर त्याचे वाक्य आधी पुरते ऐकावे. त्याचा एखादा नवा शब्द कानी पडला, तर “हा कुठला रे?” असे कौतुकाने विचारावे. शुद्ध भाषा त्याला शाळा शिकवील, पुस्तके शिकवितील. आपले बोलणे ऐकून घेतले जाते हे मात्र त्याला कोणत्याही पुस्तकातून कळणार नाही; ते घरातच कळावे लागते.