नातवंडांचा अर्ज फेटाळला, आज्या जिंकल्या

९ एप्रिल २०२४ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हवामानबदलाचे तीन निकाल एकदमच दिले. त्यातला एक पोर्तुगालच्या सहा मुलामुलींचा. २०१७मध्ये तिथल्या वणव्यांत ६०हून अधिक माणसं होरपळून मेली, त्यानंतर या पोरांनी एकदम ३२ देशांना कोर्टात खेचलं. आधी पोर्तुगालमधल्या कोर्टाची पायरी चढायला हवी होती, या कारणाने अर्ज फेटाळला गेला. त्याच दिवशी सरासरी ७३ वर्षं वयाच्या स्विस महिलांची संघटना मात्र जिंकली. उष्णतेच्या लाटा म्हाताऱ्या बायकांच्या जिवावर उठतात, असं त्यांचं म्हणणं होतं. देशातली कोर्टं त्यांनी आधीच पालथी घातली होती. पोरांकडे घाई होती, आज्यांकडे कागदपत्रं.

आपल्याकडे उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडेने २०१७मध्ये, नवव्या वर्षी, राष्ट्रीय हरित लवादात अर्ज केला. अल्पवयीन असल्याने तोही वडिलांमार्फतच. २०१९च्या जानेवारीत लवादाने तो निकाली काढला. त्याच वर्षी तिने ग्रेटा थुनबर्ग आणि इतर १४ जणांसह संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे पाच देशांविरुद्ध तक्रार केली. २०२१मध्ये तीही फेटाळली गेली. कारण तेच, आधी देशातल्या कोर्टात जा.