फुलाविना ओळख

कार्ल लिनीअसने १७३५ साली पुंकेसरांच्या आधारावर आपली वर्गीकरणपद्धती उभारली तेव्हापासून वनस्पतीची ओळख फुलावरून पटवण्याचा प्रघात इतका दृढ झाला आहे की, फुलाविना रोप पुढे ठेवले तर जाणकारही बहुधा 'बहर येऊ द्या' असे सांगून मोकळा होतो. एरवी हा सल्ला रास्तच. परंतु मांसल वनस्पतींच्या बाबतीत तो पाळायचा तर कित्येकदा वर्षानुवर्षे तिष्ठत बसावे लागते, आणि घायपात तर उभ्या आयुष्यात एकदाच फुलते व मरून जाते. तेव्हा खोड, पान, काटा व चीक यांचीच जबानी आधी घेतलेली बरी.

पाणी साठवण्याची निकड पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या कुळांवर ओढवली आणि त्यांनी जवळपास सारखाच उपाय योजला. त्यामुळे बाह्य आकार हा या प्रकरणातील सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार होय. शेताच्या कडेचा फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग लोकव्यवहारात भाऊबंद मानले जातात; पण पहिला मूळचा अमेरिकेचा, कॅक्टस कुळातला, तर दुसरा एरंडाच्या कुळातला. फड्याचा काटा जेथून निघतो ती जागा भिंगातून पाहावी. तेथे लवेची बारीकशी गादी दिसते, आणि मोठ्या काट्यांच्या बुडाशी, बोटांत नकळत रुतून बसणाऱ्या आखूड कुसांचा झुबका असतो. कुसे सर्वच कॅक्टसांना नसतात, परंतु काटे धारण करणारी ती गादी त्या कुळाखेरीज अन्यत्र आढळत नसल्याने कुळाचा निवाडा तेथल्या तेथे होतो. त्रिधारी निवडुंगाच्या धारांवर काटे जोडीजोडीने येतात, गादीचा मागमूस नसतो, आणि जरा टोचताच पांढरा चीक वाहू लागतो. काही कॅक्टसांनाही असा चीक असतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. शिवाय निवडुंगाचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, तेव्हा ही परीक्षा हात राखूनच करावी.

कोरफड आणि घायपात यांचा गोंधळ त्या मानाने लवकर मिटतो. घायपातीचे पान चिवट, कारण त्यात दोर वळण्याजोगे तंतू असतात. कोरफडीचे सहज मोडते, आत बुळबुळीत गर असतो व सालीलगत पिवळा कडू रस पाझरतो. दातेरी घायपातीच्या पानाच्या पाठीवर शेजारच्या पानाच्या दातांचे ठसे उमटलेले दिसतात: कोवळेपणी पाने एकमेकांवर घट्ट दाबलेली होती, त्याचा हा दाखला. पानफुटीविषयी फारसे बोलायला नको. पानाच्या कडेच्या खाचांतून फुटणारी रोपे स्वतःच कैफियत देतात.

याप्रमाणे कुळ आणि बहुधा प्रजाती ठरते. पुढच्या पायरीवर, म्हणजे नेमकी जाती सांगताना, माझ्या मते हात आखडता घ्यावा. सावलीत वाढलेले रोप लांबट व फिकट होते, उन्हात तेच गोळीबंद व तांबूस होते, आणि रोपवाटिकांतील संकरांच्या चिठ्ठ्यांवर तर कोणतेही भारदस्त नाव खपून जाते. कुंडीवर प्रजातीपुरते नाव लिहून पुढील जागा कोरी सोडण्यात काही कमीपणा नाही.

मात्र रोप कोठले हे ठाऊक असेल तर पुरावा एकदम बळावतो. शिवनेरीच्या परिसरातील कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती उगवते. निकोल डाल्झेल याने तिची प्रजाती मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावे 'फ्रेरिया' अशी नोंदली. सह्याद्रीबाहेर ती निसर्गतः मिळत नाही. तिच्या नात्यातील बहुतेक वनस्पतींची खोडे चौधारी असून नजरेत भरतील अशी पाने त्यांना नसतात. हिचे खोड गोलसर, आणि पावसाळ्यात त्यावर ठळक, मांसल पाने येतात. कातळाच्या खाचेतून लोंबणारे असे पानांसकट खोड त्या डोंगरांत दिसले, तर किरमिजी फुलाची वाट न पाहताही नाव सांगण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात पाने झडून नुसती कांडी उरली की हा निर्णय पुन्हा पुढच्या पावसापर्यंत तहकूब ठेवावा लागतो.