धुऊन निघतं, पण जातं कुठे?

फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रावरून स्पेस शटल सुटायचं तेव्हा सगळ्यांच्या माना वर असायच्या. काही शास्त्रज्ञ मात्र नंतर खाली बघत फिरायचे. प्रक्षेपणमंचाच्या उत्तरेला पानांवर करपल्याचे ठिपके पडलेले असत आणि खाजणाच्या उथळ पाण्यात बारके मासे मरून तरंगत असत.

शटलच्या दोन बूस्टरांत मिळून सुमारे १,००० टन घन इंधन असे. त्यात जवळपास ७० टक्के अमोनियम परक्लोरेट, १६ टक्के अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि बाकी मुख्यतः रबरासारखं बंधक. दोन मिनिटांत सगळं खाक! धुरात वजनाने साधारण पाचवा हिस्सा हायड्रोजन क्लोराइड वायूचा. तो पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं.

पाण्याशी या वायूची भलतीच सलगी. पडत्या थेंबाला तो भिडला की सहसा सुटत नाही. गंमत म्हणजे मुसळधार सरीपेक्षा तितक्याच पाण्याची रिमझिम हवा जास्त चांगली धुते, कारण बारीक थेंबांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो. अ‍ॅल्युमिनियम जळून धुरात येणाऱ्या अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीचं तसं नाही. तिचे मोठे कण थेंबावर आदळतात, अतिसूक्ष्म कण भरकटत येऊन चिकटतात. मधल्या आकाराचे मात्र हवेच्या झोताबरोबर थेंबाला वळसा घालून निसटतात.

खऱ्या पावसात शटल कधी उडवत नसत. त्याच्या नाजूक उष्णतारोधक फरशांना थेंबांचा मारा सोसत नसे. पण मंचावर माणसाने केलेला पाऊस होताच. आवाजाचा दणका यानाला बसू नये म्हणून ४१ सेकंदांत सुमारे ११ लाख लिटर पाणी सोडलं जाई. बूस्टरांचा झोत त्याचे थेंब उडवी, थेंब आम्ल शोषत आणि मंचाजवळच खाली पडत. त्यांचा पीएच १ च्याही खाली जाई. उरलेला ढग वर चढून वाऱ्याबरोबर सरके. वाटेत सर गाठली, तर तिथे आम्लाचा शिडकावा.

‘पावसाने हवा स्वच्छ केली’ हे म्हणूनच अर्धसत्य. आम्ल हवेतून जमिनीवर आलं, एवढंच. केनेडी केंद्राचं नशीब असं, की तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुना आहे आणि खाजणाच्या पाण्यात क्षारता. आम्ल त्यांत मारलं जातं आणि पाणी काही दिवसांत मूळपदावर येतं. श्रीहरिकोट्याहून उडणाऱ्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातही अमोनियम परक्लोरेट असलेलं सुमारे १३८ टन घन इंधन असतं. म्हणजे रसायन तेच. जवळच पुलिकत सरोवर आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

बूस्टर स्थितांबरात पोचले की पावसाचा हात तोकडा पडतो. पाऊस त्या थराच्या खाली तयार होतो, त्यामुळे तिथे सोडलेलं क्लोरीन धुऊन निघत नाही आणि ओझोनला कुरतडतं. शटल २०११ मध्ये निवृत्त झालं. पण १६ नोव्हेंबर २०२२ ला आर्टेमिस-१ मोहिमेवर गेलेल्या रॉकेटच्या बूस्टरांतही हेच अमोनियम परक्लोरेट होतं, आणि दर बूस्टरमागे इंधन शटलपेक्षा जास्त.