पारा २१० वर कसा थांबतो?

घरचा थ्रीडी प्रिंटर : लेखांक ७

मागच्या लेखात आपण हॉटएंडचे भाग सुटे करून पाहिले. आता तो तापवणाऱ्या हिशेबाकडे वळू. पीएलए छापताना आपण २१० अंश सेल्सिअस मागतो, आणि काही प्रिंटरांच्या पडद्यावर २०६, २१४, २०७, २१३ असे आकडे झुलत राहतात. वस्तू छापून निघतेच, म्हणून कुणी फारसं लक्ष देत नाही. पण सिल्क पीएलए किंवा पीईटीजीची उभी भिंत उजेडात तिरकी धरून पाहा. तापमान चढलं तिथे चकाकी, उतरलं तिथे निस्तेजपणा, आणि वरपासून खालपर्यंत आडवे पट्टे. अशा वेळी फिलामेंटला दोष देण्याआधी फर्मवेअरमधले तीन आकडे तपासावेत. ते दुरुस्त करायला खर्च काहीच नाही, थोडा वेळ द्यावा लागतो एवढंच.

अडचण मुळात उशिराची आहे. धातूच्या छोट्या ठोकळ्यात एका भोकात साधारण ४० वॅटचा हीटर, दुसऱ्यात थर्मिस्टर. २५ अंशांना त्याचा रोध सहसा एक लाख ओहम असतो आणि तापत जाईल तसा तो कमी होत जातो. हीटरपासून निघालेली उष्णता ठोकळ्यातून थर्मिस्टरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. थर्मिस्टर २१० सांगतो तेव्हा आणखी उष्णता वाटेत असते. तेव्हा हीटर बंद केला तरी पारा वर जातोच. इस्त्रीचा थर्मोस्टॅट असाच चालू-बंद चालतो आणि कापडाला तेवढं पुरतं. वितळलेल्या प्लास्टिकच्या बारीक धारेला नाही पुरत.

म्हणून ते तीन आकडे: पी, आय आणि डी. मार्लिन या फर्मवेअरमध्ये अल्टिमेकर प्रिंटरसाठी दिलेले जुने आकडे आहेत: पी २२.२, आय १.०८, डी ११४. हीटरची ताकद ० ते २५५ अशी मोजतात. नोझल एक अंश कमी असेल तर पी २२ ताकद मागतो, पाच अंश कमी असेल तर १११. आता समजा, २१० टिकवून ठेवायलाच ६० ताकद लागते. एकटा पी असता तर २१० वर फरक शून्य, म्हणून ताकदही शून्य. नोझल थंड होत होत जिथे ६० मिळतील तिथे थांबेल: ६० भागिले २२.२, म्हणजे २.७ अंश खाली. पडद्यावर कायम २०७.३. ही तूट आय भरून काढतो. फरक टिकून राहील तोवर तो दर सेकंदाला, दर अंशामागे १.०८ ताकद वाढवत नेतो. डी चढण्या-उतरण्याचा वेग बघतो. नोझल २०५ वर आहे आणि सेकंदाला दोन अंशांनी चढतंय असं धरा. पी १११ मागतो, डी २२८ वजा करतो. आय अजून फार साठलेला नसेल तर हीटर पाच अंश आधीच बंद होतो. उरलेली चढण वाटेतली उष्णता पूर्ण करते. मला या सगळ्यात डीचं काम सर्वांत देखणं वाटतं.

हा विचार प्रिंटरवाल्यांचा नव्हे. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूसाठी तो मांडला. हे आकडे ठरवायचे कसे, याचं सोपं उत्तर जॉन झिगलर आणि नॅथॅनियल निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलं: यंत्रणा सतत झुलू लागेल इतकी तिला ताणा, तो ताण आणि त्या झोक्याचा कालावधी मोजा आणि त्या दोन्हींवरून तिन्ही आकडे काढा. १९८४ मध्ये स्वीडनच्या ऑस्ट्रम आणि हेग्लुंड यांनी हेच काम नुसतं चालू-बंद करून साधण्याची युक्ती दाखवली. आपला प्रिंटर ऑटोट्यून करताना नेमकं तेच करतो. ताकद देतो, पारा २१० च्या वर गेला की कापतो, खाली आला की पुन्हा देतो, आणि झोका किती उंच व किती सेकंदांचा ते नोंदवतो.

त्या नोंदीची खूण आकड्यांत शिल्लक राहते. नोझलसाठी मार्लिन आणि क्लिपर ही दोन्ही फर्मवेअर झिगलर-निकोल्सचाच नियम वापरतात, म्हणून पीची दुप्पट भागिले आय केलं की झोक्याचा कालावधी मिळतो. वरच्या आकड्यांत तो ४१ सेकंद येतो. आय आणि डी यांचा गुणाकार पीच्या वर्गाच्या चौथ्या हिश्श्याएवढा भरला पाहिजे. इथे दोन्हीकडे १२३ येतात. तुमच्या प्रिंटरमधले आकडे असे जुळत नसतील तर ते कुणीतरी हाताने बदललेले किंवा दुसऱ्या रीतीने काढलेले आहेत.

आणि ते ४१ सेकंद एका विशिष्ट ठोकळ्याचे, एका विशिष्ट हीटरचे आहेत. म्हणूनच त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रिंटरचे आकडे उतरवून घेणं मला पटत नाही. ऑटोट्यून आपल्याच यंत्रावर करावं, आणि आपण छापतो त्याच स्थितीत करावं. पीएलए छापताना पहिल्या थरानंतर पंखा सुरू होतो, वारा ठोकळ्यालाही लागतो आणि २१० टिकवायला जास्त ताकद लागते. पंखा बंद ठेवून काढलेले आकडे मग दुसऱ्याच थराला अडखळतात. नोझल बेडच्या थोडं वर आणा, सिलिकॉनचं आवरण चढवा, पंखा नेहमीच्या वेगाने सोडा. पूर्ण वेगासाठी मार्लिनला एम१०६ एस२५५ द्या, मग एम३०३ ई० एस२१० सी८ यू१, म्हणजे २१० भोवती आठ झोके. शेवटी एम५०० ने जतन करा. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. हीटर, थर्मिस्टर, ठोकळा किंवा पंख्याची नळी बदलली, पितळी नोझल काढून पोलादी लावलं, नेहमीपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाचं प्लास्टिक घेतलं, की पुन्हा एकदा.

ऑटोट्यूननेही फरक पडला नाही तर तापमानाचा आलेख वाचा. सारख्या अंतराची गुळगुळीत लाट असेल तर दोष आकड्यांचा. पण पारा क्षणात आठ-दहा अंश उडी मारत असेल तर ती उष्णता नव्हेच. ४० वॅटच्या हीटरला ठोकळा इतका झटपट तापवता येत नाही. थर्मिस्टरची तार तुटत आली आहे किंवा जोड सैल आहे. हेड एका कोपऱ्यात गेल्यावरच उडी येत असेल तर तारच. अशा वेळी प्रिंटर ‘थर्मल रनअवे’ म्हणून थांबला तर ती सूचना बंद करण्याचा किंवा तिची मर्यादा सैल करण्याचा मोह अजिबात धरू नका. थर्मिस्टर भोकातून निसटला तर त्याला खोलीचीच हवा लागते, हीटर पूर्ण ताकदीने पेटलेला राहतो, आणि आग लागण्यापूर्वी मधे उभं असतं ते हेच संरक्षण.

एक मर्यादा मात्र ऑटोट्यूनच्या हाताबाहेरची. फर्मवेअरमध्ये थर्मिस्टरचा प्रकार चुकीचा निवडला असेल तर पारा २१० वर अगदी स्थिर दिसेल आणि प्रत्यक्षात नोझल भलत्याच तापमानाला असेल. सर्व काही स्थिर असून थर नीट चिकटत नसतील तर आधी ती निवड तपासा.

गुणाकाराची वरची कसोटी बेडला लावू नका. तिथे मार्लिन वेगळे गुणक वापरतं. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.