सागवानाला वाळवी लागत नाही?

सागवानाला वाळवी लागत नाही, हा फर्निचर करून घेणाऱ्यांचा सर्वांत पक्का समज असला, तरी तो अर्धाच खरा आहे. सागाच्या खोडात आत सोनेरी-तपकिरी गाभा असतो आणि त्याभोवती पांढुरका थर. झाड वाढते तशी गाभ्यात तेलकट द्रव्ये साठतात. त्यांतले टेक्टोक्विनोन वाळवीला दूर ठेवते. बाहेरच्या थराला हे संरक्षण नसते. म्हणून एकाच फळीचा गाभ्याकडचा भाग वर्षानुवर्षे शाबूत राहतो आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीतून मात्र भुसा गळू लागतो. लागवडीचा साग कोवळ्या वयात तोडला, तर ही पांढरी पट्टी रुंद निघते. वखारीत लाकूड सागाचे आहे का, एवढे विचारून भागत नाही. गाभा किती आहे, तेही पाहावे लागते.

‘बर्मा टीक’ म्हणजे वेगळे, वरच्या जातीचे झाड, असेही मानले जाते. म्यानमारचा साग आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा साग वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच आहेत. म्यानमारने तर २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी विदर्भातलाच साग गेला.

शिसव आणि शीशम या नावांत मात्र खरी गल्लत होते. सह्याद्रीत वाढणारा, जांभळट-काळपट गाभ्याचा, जुन्या वाड्यांतल्या जड खुर्च्या-पलंगांचा तो शिसव. दुकानांत ‘शीशम’ म्हणून मिळते ते बहुधा उत्तर भारतातल्या शिसू या झाडाचे लाकूड. झाडे एकाच कुळातली, लाकूड दोन्हींचे टिकाऊ. पण शिसवाचे मोल शिसूला लावणे ग्राहकाच्या हिताचे नाही.

‘हार्डवूड’ या शब्दाचा कठीणपणाशी थेट संबंध नाही. रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ते हार्डवूड, देवदार-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवूड. सावंतवाडीची खेळणी ज्या मऊ, हलक्या पांगाऱ्यापासून घडवली जात, तोही या व्याख्येने हार्डवूडच. जड लाकूड ते मजबूत, हाही भरवशाचा निकष नाही; ओल्या लाकडाचे बरेचसे वजन पाण्याचेच असते.

ही ओल फार महत्त्वाची आहे. लाकूड नीट वाळवले की पुन्हा हलत नाही, असे नाही. ते हवेतला दमटपणा घेते आणि सोडते. त्यामुळे कोकणात पावसाळ्यात खण अडकतात आणि उन्हाळ्यात सुटतात. फुगणे-आकसणे तंतूंच्या आडव्या दिशेने होते, लांबीत जवळपास नाहीच. रुंद अखंड फळी म्हणूनच वाकते. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने ते या बाबतीत अधिक स्थिर राहते. त्याला सरसकट हलके समजणे चूक आहे. स्वयंपाकघरातल्या ओलीसाठी आयएस ७१० मानकाचे प्लायवूड असते. त्याचा नमुना ७२ तास उकळून तपासतात. एमडीएफ मात्र भुकटीसारख्या तंतूंचे असते आणि साध्या प्रतीचे पाण्याने फुगून बसते.

आंबा आणि रबरवूड कुचकामी, हा समज प्रक्रिया न केलेल्या लाकडापुरता खरा आहे. दोन्हींना भुंगा लवकर लागतो. पण बोरॉनची प्रक्रिया करून भट्टीत वाळवलेले रबरवूड घरातल्या टेबल-खुर्च्यांना चांगले चालते, आणि ते येते चीक देणे संपत आलेल्या बागांतल्या झाडांपासून.