गॅस गिझरमधील सामान्य बिघाड

गॅस गिझर हे द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी) किंवा नळाद्वारे मिळणारा नैसर्गिक वायू जाळून वाहते पाणी तत्काळ तापवणारे घरगुती उपकरण आहे. पाणी साठवण्याची टाकी नसल्यामुळे ते आकाराने लहान असते व काही सेकंदांत गरम पाणी देते. महाराष्ट्रात तांब्याच्या बंबाची जागा अनेक घरांत या उपकरणाने घेतली. यातील बहुतेक बिघाड साधे असतात. मात्र ज्योतीशी आणि हवेच्या पुरवठ्याशी संबंधित बिघाड प्राणघातक ठरू शकतात.

इतिहास

वायूच्या ज्योतीवर तत्काळ पाणी तापवणारे उपकरण लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ साली तयार केले. आइसलँडमधील 'गेसिर' या उष्णोदकाच्या कारंज्यावरून त्याला 'गीझर' हे नाव मिळाले. त्या उपकरणात जळलेले वायू बाहेर नेणारे धुराडे नव्हते. म्हणजेच आजच्या अनेक अपघातांचे मूळ असलेली अडचण आरंभापासूनच या उपकरणासोबत आहे.

रचना व कार्य

तोटी उघडल्यावर पाण्याच्या दाबाने झडपेतील रबरी पडदा सरकतो. त्यामुळे वायूची झडप उघडते व एक लहान स्विच दाबला जातो. दोन सेलच्या सुमारे ३ व्होल्ट विद्युतपुरवठ्यावर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. बर्नरवरील तांब्याच्या उष्णता विनिमयकातून फिरताना पाणी तापते. ज्योतीजवळची संवेदक कांडी ज्योत पेटलेली असल्याची खात्री करते. ज्योत विझल्यास वायूपुरवठा आपोआप बंद होतो. अनेक उपकरणांत ठरावीक वेळेनंतर, बहुधा २० मिनिटांनी, ज्योत विझवणारी व्यवस्थाही असते.

सामान्य बिघाड व त्यांची कारणे

ठिणगी न पडणे: सेल संपणे किंवा त्यांच्या टोकांवर गंज चढणे हे याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. सेल चांगले असतील, तर पाण्याचा दाब तपासला जातो. पाण्याच्या १० मीटर उंचीमुळे सुमारे १ बार दाब मिळतो. त्यामुळे गच्चीवरील टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब अपुरा पडून पडदा सरकत नाही. खालच्या मजल्यांवर तेच उपकरण नीट चालते. पाणी आत येण्याच्या जागेवरील जाळीत गाळ साचणे किंवा पडदा फाटणे यांमुळेही हेच लक्षण दिसते.

ठिणगी पडूनही बर्नर न पेटणे: वायूची झडप बंद असणे, सिलिंडर संपत येणे किंवा सिलिंडर बदलल्यानंतर नळीत हवा अडकणे ही संभाव्य कारणे होत. थंडीत द्रवरूप वायूचे बाष्पीभवन मंदावते. गिझरला शेगडीपेक्षा पुष्कळ अधिक वायू लागत असल्याने अर्धवट रिकाम्या सिलिंडरवर शेगडी पेटते, पण गिझर पेटत नाही.

मोठा आवाज होऊन पेटणे: ठिणगी उशिरा पडल्यास साचलेला वायू एकदम भडकतो. कमजोर सेल, ठिणगीच्या टोकावरील काजळी किंवा बर्नरची बुजलेली छिद्रे यांमुळे असे घडते. हा बिघाड दूर होईपर्यंत उपकरण वापरणे धोक्याचे असते.

पेटून विझणे: संवेदक कांडीवर काजळी बसल्यास ज्योत असूनही ती ओळखली जात नाही. अतितापामुळेही वायू बंद होतो. काही उपकरणांत खोलीतील प्राणवायू कमी झाल्यास ज्योत विझवणारा संवेदक असतो. अशा उपकरणाचे वारंवार विझणे ही धोक्याची सूचना असू शकते. ते टाळण्यासाठी संवेदक निकामी करणे अत्यंत घातक आहे.

पाणी पुरेसे न तापणे: प्रवाह वाढला की तापमान घटते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सियसने तापवण्यास सुमारे १०.५ किलोवॅट उष्णता लागते. हिवाळ्यात येणारे पाणीच अधिक थंड असल्याने प्रवाह कमी ठेवावा लागतो.

धार बारीक होणे व खळखळ आवाज येणे: बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियमचे क्षार विनिमयकाच्या नळीत थर धरतात. त्यामुळे मार्ग अरुंद होतो आणि पाणी जागोजागी उकळू लागते. हा थर सौम्य सायट्रिक आम्लाने विरघळवता येतो.

ज्योत पिवळी होणे: योग्य ज्वलनाची ज्योत निळी व स्थिर असते. धूळ किंवा कोळ्याचे जाळे यांमुळे बर्नरला हवा कमी मिळाल्यास ज्योत पिवळी होते, विनिमयकावर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. एलपीजीसाठी बनवलेले उपकरण आवश्यक बदल न करता नैसर्गिक वायूवर जोडल्यासही ज्वलन बिघडते.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका

१ किलोग्रॅम एलपीजी जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. वर दिलेल्या क्षमतेचा गिझर १० मिनिटांत सुमारे १६० ग्रॅम वायू जाळतो. म्हणजे त्यास जवळपास २ घनमीटर हवा लागते. ५ फूट रुंद, ७ फूट लांब व ८ फूट उंच स्नानगृहात एकूण हवाच सुमारे ८ घनमीटर असते. दार-खिडकी बंद असल्यास एका स्नानात तेथील सुमारे पाव हवेतील प्राणवायू खर्च होतो. प्राणवायू घटत जातो तसे ज्वलन अपूर्ण राहते. त्यामुळे निर्दोष उपकरणही बंद खोलीत विषारी वायू सोडू शकते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग व वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ व हातापायांतील शक्ती जाणे ही त्याची लक्षणे होत. शुद्ध हरपण्यापूर्वी कडी उघडण्याचेही बळ उरत नाही. स्नानगृहात बेशुद्ध आढळलेल्या व्यक्तीस फीट आली किंवा हृदयविकाराचा झटका आला असा समज होण्याची शक्यता असते. म्हणून गिझर सुरू होता ही माहिती डॉक्टरांना देणे महत्त्वाचे ठरते. अशा वेळी प्रथम दारे-खिडक्या उघडून व्यक्तीस मोकळ्या हवेत आणणे, गिझर बंद करणे व तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिला जातो. शुद्धीवर आलेल्या काही रुग्णांत स्मरणशक्ती व हालचालींचे दोष काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी प्रकट होतात.

वायूगळती

एलपीजीला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर नैसर्गिक वायू हलका असल्याने वर चढतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुड्यांवरून गळती कळते. काडी पेटवून तपासणे घातक आहे. वास येताच रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्या लागतात व विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. भारतात एलपीजी गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आहे.

देखभाल व मर्यादा

सेल बदलणे आणि पाण्याची जाळी धुणे ही कामे वापरकर्ता करू शकतो. जाळी काढण्यापूर्वी पाणी व वायू दोन्ही बंद करावे लागतात. बर्नर, वायूची झडप व संवेदक यांची दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी लागते. सर्वांत सुरक्षित मांडणीत गिझर स्नानगृहाबाहेर हवेशीर जागी बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत नेली जाते. एक्झॉस्ट पंख्याला बाहेरची हवा आत येण्याचा मार्ग नसेल, तर त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. एकामागून एक अनेकांनी स्नान केल्यास शेवटच्या व्यक्तीस धोका सर्वाधिक असतो. म्हणून दोन स्नानांच्या मध्ये दार व खिडकी उघडी ठेवणे आवश्यक ठरते.